एसी लावला की घरघर

आवाज पहिल्यांदा नीट ऐकू आला तो विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली. ऐरोली ते ठाणे कोर्ट नाका हा माझा रोजचा रस्ता. दिघ्यापासून पुढे ट्रकांच्या रांगेत काचा बंद करूनच जावं लागतं, त्यामुळे आपली गाडी बाहेर काय बोलत असते ते आत बसून कळत नाही. त्या दिवशी पुलाखाली सगळंच अडकलं होतं. शेजारच्या टेम्पोवाल्याला हात दाखवायला मी काच खाली केली, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आमच्याच गाडीचा आवाज अंगावर आला. घर्रर्र. जुन्या मिक्सरमध्ये सुकं खोबरं वाटताना येतो तसा. एसीचं बटण बंद केलं, आवाज गेला. लावलं, परत घर्रर्र.

मे महिना. गाडी नऊ वर्षांची, पेट्रोलवर चालणारी, लाखभर किलोमीटरच्या जवळ आलेली. मी काम करते हिशेब तपासणीच्या ऑफिसात. पेट्रोल भरणं आणि चाकांची हवा बघणं यापलीकडे गाडीतलं मला काही कळत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, एसी लावायला सांगितला, दहाएक सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, कॉम्प्रेसर गेलाय. असेंब्लीच बदलावी लागेल." कॉम्प्रेसर म्हणजे एसीतला गॅस दाबणारा पंप. तो, ओल शोषणारा ड्रायर, गॅस आणि मजुरी धरून २७,४०० रुपये. शिवाय ताकीद, की तोपर्यंत एसी लावू नका, कॉम्प्रेसर जाम झाला तर बेल्ट तुटेल.

"कॉम्प्रेसर गेला हे कशावरून?"

"आवाजावरून."

माझ्या धंद्यात व्हाउचर बघितल्याशिवाय खर्च मंजूर करत नाहीत. घरी सांगून कळवते म्हटलं आणि कागद पर्समध्ये टाकून निघाले.

आमच्या घरी सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, गाडी चालवता येत नाही, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली आहेत. पंप, मोटारी, बेअरिंगं. संध्याकाळी ते हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पार्किंगमध्ये आले. पहिलं वाक्य: "ओढणी वर ठेवून ये. फिरत्या पट्ट्यापाशी लोंबतं काही नको." मी परत चौथा मजला चढून ओढणी ठेवून आले. लिफ्ट बंद होती, हे इथे नमूद करते.

स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या न हलणाऱ्या भागावर टेकवायचं आणि मूठ कानापुढच्या हाडाशी धरायची. बाहेरचा गोंगाट मागे पडतो आणि नेमका त्या भागाच्या पोटातला आवाज पोलादातून वर येतो. बाबांनी कॉम्प्रेसरच्या अंगावर टोक टेकवलं, डोळे मिटले, मग स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मला वाटलं होतं खडखडाट ऐकू येईल. आतून येत होती एकसारखी, गुळगुळीत घूं. मग बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर टेकवला, तिथे बारीक शिट्टीसारखं काहीतरी. घर्रर्र मात्र त्या दोन्हींत नव्हता. तो हवेतून दुसऱ्या कानाला ऐकू येत होता.

"कॉम्प्रेसर मला स्वच्छ वाटतोय," बाबा म्हणाले. "पट्टा असणार. बघ, भेगा पडल्यात." पट्ट्याला भेगा होत्या हे खरं. पण पट्टा घरघरतो का? याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. फिटर माणसाला एकदा पट्टा दिसला की दुसरं काही दिसत नसावं.

तेव्हापासून मी लेकीची एक अर्धी उरलेली वही गाडीत ठेवली आणि आवाज कधी आला, कधी गेला ते लिहायला लागले. लिहायला बसल्यावर कळलं, की गाडीत एक नाही, चार-पाच आवाज आहेत. घर्रर्र बाहेरचा. डॅशबोर्डच्या मागून सुस्स. डाव्या बाजूच्या झरोक्यातून फरफर. मधूनच बॉनेटखालून टक. आणि गाडी बंद केल्यावर कुणीतरी उसासा सोडावा तसा फुस्स. आवाजांना आपल्याकडे नावांची ददात नाही. सर्व्हिस सेंटरच्या कार्डावर मात्र या सगळ्यांसाठी दोनच शब्द: 'एसी नॉइज'.

एसी न लावता चार दिवस गेले. मे महिन्यात ऐरोली ते कळवा काचा उघड्या ठेवून जाणं काय असतं ते त्या रस्त्याने जाणाऱ्यांना सांगायला नको. पाचव्या दिवशी परत विटावा, परत तीच रांग. गाडी दहा-बारा मिनिटं जागची हलली नव्हती. तापमानाचा काटा होता तिथेच, मधोमध. आणि अचानक घर्रर्र सुरू झाला.

एसी बंद होता. मी बटणाकडे दोनदा बघितलं. दिवा लागलेला नव्हता. मिनिटभर घरघर झाली आणि थांबली. थोड्या वेळाने परत. वहीत मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

घरी सांगितल्यावर बाबांनी पट्टा सोडला आणि पुली धरली. त्यात तथ्य होतं, म्हणून नीट सांगते. कॉम्प्रेसरची पुली इंजिनच्या पट्ट्यावर असते, त्यामुळे एसी बंद असला तरी ती फिरतच असते, स्वतःच्या बेअरिंगवर, रिकामी. एसी लावला की पुलीच्या मागे बसवलेल्या विजेच्या चुंबकाला करंट मिळतो, तो पुढची चकती खेचून पुलीला चिकटवतो, आणि मग कॉम्प्रेसरचा दांडा फिरायला लागतो. ती चकती चिकटताना जो आवाज होतो तो म्हणजे माझ्या वहीतला टक. आमच्या गाडीसारख्या साध्या एसीत हा क्लच आत पुरेसं गार झालं की सुटतो, परत लागतो. म्हणजे टक हा दुखण्याचा आवाजच नव्हे. पुलीचं बेअरिंग गेलं असेल तर एसी बंद असतानाही घरघर येणार, असं बाबांचं म्हणणं.

मग मिनिटभर येऊन मधेच का थांबली? पुली तर थांबत नाही. बाबा गप्प. चहा झाल्यावर म्हणाले, "हे माझ्या हातातलं नाही. एसीचंच काम करणारा माणूस गाठ."

असा माणूस वागळे इस्टेटमध्ये मिळाला, किसननगरच्या अलीकडे. एका शेडमध्ये दोन गाड्या मावतील एवढी जागा, भिंतीवर जुन्या पट्ट्यांची माळ, आणि कोपऱ्यात चाकांवरचं गॅसचं मशीन. शनिवारी सकाळी गेले. त्याने बॉनेटला हातही लावला नाही. आधी विचारलं, "ताई, आवाज कसा आहे ते मी ऐकेन. तो कधी येतो आणि कधी जातो ते सांगा."

मी वही दिली. त्याने ती खरोखर वाचली, विटाव्याच्या ओळीवर बोट ठेवून. मग दोन प्रश्न. गाडी उभी असताना रेस दिली तर आवाज चढतो का? आणि एसी बंद केल्यावर आवाज कापल्यासारखा जातो की विरत जातो?

दोन्ही माझ्याकडे लिहिलेले नव्हते. तो म्हणाला, बसा आत, आत्ता बघू. एसी लावला, घर्रर्र सुरू झाला. हळूहळू ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनचा आवाज चढत गेला, पण घरघरीचा सूर होता तिथेच राहिला. पाय काढला, इंजिन खाली आलं, घरघर तिथेच. मग एसी बंद केला. टक झालं, आणि घरघर तुटली नाही. दोन-तीन सेकंद घसरत, मंदावत, घर्र, घर, घ करत विझली. छताचा पंखा बंद केल्यावर थांबतो तशी.

पंखाच होता.

इंजिनच्या पट्ट्यावर जे जे चालतं, कॉम्प्रेसर, त्याची पुली, अल्टरनेटर, त्या सगळ्यांचा आवाज इंजिनबरोबर चढतो आणि उतरतो. कारण ते बांधलेलेच आहेत. रेडिएटरमागचा पंखा विजेवर चालतो, त्याला इंजिनच्या वेगाशी देणंघेणं नाही. एसी लावला की कंडेन्सरच्या जाळीतला तापलेला गॅस गार करायला तो सुरू होतो. आमच्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक आणि दोघांना मिळून एकच पंखा, त्यामुळे रांगेत उभं राहून इंजिनचं पाणी तापलं की एसी बंद असतानाही तो सुरू होतो, पाणी गार झालं की थांबतो. विटाव्याला झालं ते हेच. सर्व्हिस सेंटरच्या मुलाने एसी लावला तेव्हा कॉम्प्रेसर आणि पंखा एकदमच सुरू झाले आणि त्याने दोघांतल्या महागाच्या वस्तूचं नाव घेतलं.

एवढ्यावर त्याने पंखा बदला म्हटलं असतं तरी मी ऐकलं असतं. पण त्याने इंजिन बंद केलं, पंख्याचं सॉकेट सोडवलं आणि दोन वायरींनी पंख्याला थेट बॅटरीवरून करंट दिला. इंजिन गप्प, पट्टा गप्प, कॉम्प्रेसर गप्प. आणि शेडभर घर्रर्र. हे माझं व्हाउचर.

मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, कारण गरम इंजिनवर हा पंखा गाडी बंद असतानाही कधी सुरू होईल सांगता येत नाही, त्याने मला हाताने पातं हलवून बघायला सांगितलं. पातं फिरायच्या दिशेने हलायला हवं, ते पुढे-मागेही हलत होतं, लहान मुलाचा पडायला आलेला दात हलतो तसं. मोटारीचं बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, झिजलं होतं. पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या घेरावर एका ठिकाणी चंद्रकोरीएवढी जागा घासून आरशासारखी चकचकीत झाली होती. बाकी घेर नऊ वर्षांच्या धुळीने राखाडी आणि ही एक कोर काळीभोर. पातं तिथे टेकत होतं.

मोटर आणायला पोऱ्या गेला. मोकळ्या वेळात मी वहीतला सुस्स काढला. तो मला महत्त्वाचा वाटतच नव्हता, एसी म्हटल्यावर थोडं सुसकारायचंच. तो म्हणाला, ब्लोअर, म्हणजे आत हवा सोडणारा पंखा, एकवर ठेवा आणि कान डॅशबोर्डला लावा. आत एक्स्पान्शन व्हॉल्व्ह असतो, बारीक भोक. दाबाखाली द्रव झालेला गॅस त्या भोकातून पलीकडे सुटतो, एकदम पसरतो आणि गार होतो. द्रव भरून येत असेल तर भोकाचा आवाज फारसा येत नाही. गॅस कमी झाला की द्रवाबरोबर बुडबुडे यायला लागतात आणि भोक सुस्स करतं. एसी बंद केल्यावरचा फुस्स वेगळा. तेव्हा दोन्हीकडचे दाब समान होत असतात, तो यायलाच हवा.

"गॅस कधी भरला होता?"

"दर उन्हाळ्यात भरतो की. दोन वर्षं."

तो हसला नाही, यासाठी मी त्याची आभारी आहे. म्हणाला, "ताई, गॅस जळत नाही, खर्च होत नाही. नळ्यांतून किंचित झिरपतो, पण त्याला वर्षं लागतात. दर उन्हाळ्यात भरावा लागतोय म्हणजे भोक आहे."

नवी मोटर बसल्यावर त्याने गेज लावले. निळा कमी दाबाच्या बाजूला, लाल जास्त दाबाच्या. एसी चालू असताना निळा २० पौंडाच्या आसपास, लाल १३० ला. मेच्या उन्हात निळा ३० ते ४५ मध्ये आणि लाल २०० च्या वर असायला हवा. दोन्ही खाली, म्हणजे गॅस कमी. कॉम्प्रेसर आतून झिजला असता तर निळा वर आणि लाल खाली दिसला असता, दोघांतलं अंतर तुटलं असतं. तेव्हा मशीनवरच्या काट्यांनी कॉम्प्रेसर दुसऱ्यांदा निर्दोष सुटला. बाबांचा स्क्रू ड्रायव्हर पहिला.

आतला गॅस मशीनने ओढून घेतला आणि वजन दाखवलं: २४० ग्रॅम. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलंय आर-१३४ए, ४०० ग्रॅम. हे स्टिकर माझ्या डोळ्यांसमोर नऊ वर्षं होतं. पुष्कळ ठिकाणी उरलेला गॅस सरळ हवेत सोडून देतात, फुर्र करून. १९८७ च्या माँट्रियल कराराने आधीचा आर-१२ ओझोनसाठी मोडीत काढला, त्याच्या जागी हा आला. ओझोनला तो काही करत नाही, पण हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या हजारपट भारी आहे. दोन उन्हाळे माझ्या पैशांनी भरलेला गॅस त्याच वाटेने गेला होता.

वाट सापडायला वेळ लागला नाही. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं. कॉम्प्रेसरला येणाऱ्या जाड नळीच्या सांध्याशी धुळीचं तेलकट काळं कडं होतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर पडतं आणि त्याला धूळ चिकटते, म्हणून गळतीची जागा पुष्कळदा डोळ्यांनीच दिसते. तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, फुटला, परत फुगला. आतली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद ठेवणारी रबरी कडी, काढली तर ती गोल राहिली नव्हती, चपटी आणि कडक. किंमत तीस रुपये. शेजारच्या सांध्याचीही बदलली.

मग व्हॅक्युम. अर्धा तास पंप चालू, आणि पंप बंद करून पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघत बसायचं. हे काम घाईचा मिस्त्री गाळतो. नळ्यांत हवा आणि दमट बाष्प राहिलं तर ते आत गोठतं, तेलाशी मिसळून आम्ल तयार करतं. व्हॅक्युमखाली पाणी साध्या उष्णतेतच उकळून निघून जातं. काटा हलला नाही. गॅस वजन करून ४०० ग्रॅम भरला, अंदाजाने नव्हे, कारण जास्त भरला तरी दाब चढून कॉम्प्रेसरच कण्हायला लागतो. निळा ३६, लाल २१०. झरोक्यात थर्मामीटर धरला, आठ अंश. सुस्स बंद.

बिल: मोटर २,३५०, ओ-रिंगा ६०, व्हॅक्युम आणि गॅस १,६००, मजुरी ७००. एकूण ४,७१०.

फरफर मी त्याला दाखवलाच नाही. ब्लोअरचा वेग वाढवला की फरफरही जलद होते हे तोपर्यंत माझं मीच ताडलं होतं, म्हणजे ती ब्लोअरमध्येच. रविवारी ग्लोव्ह बॉक्स उतरवला, मागचा फिल्टर ओढला, तर मांडीवर गुलमोहराच्या पानांचा सडा. बिल्डिंगसमोरचं झाड, त्याची ती बारीक पानं काचेखालच्या जाळीतून आत जातात. फिल्टर राखाडी, एका कोपऱ्यात उंदराने कुरतडलेला. चावी खिशात टाकली आणि आत हात घातला. माझा जाईना. लेकीचा गेला. तिने ब्लोअरच्या पात्यांमधून वीतभर सुकी काडी ओढून काढली, पानं झडलेला गुलमोहराचा देठ. तोच घेराला लागून फरफरत होता. फिल्टर बसवताना पहिल्यांदा उलटा बसवला, बाण वर करून. परत उतरवला.

जुनी पंख्याची मोटर बाबांनी मागून घेतली होती. गॅलरीत वर्तमानपत्रावर तिचे भाग सुटे करून ठेवलेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते झिजलेलं बुश दाखवतात. सर्व्हिस सेंटरमधून दोनदा फोन आला, मॅडम, कॉम्प्रेसर ऑर्डर करायचा का म्हणून. नको म्हटलं.

जुलैत पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी गाडी सुरू करून एसी लावला, टक झालं आणि पाठोपाठ दोन सेकंद चीं. वहीत लिहिलं: सकाळी, ओल्या हवेत, एसी लावतानाच, दोन सेकंद. दुसऱ्या दिवशी बाबांनी इंजिन चालू ठेवून दूर उभं राहून फवाऱ्याच्या बाटलीतून पट्ट्यावर पाणी मारलं. चीं वाढली. म्हणजे पट्टा सैल पडून घसरतोय. पाण्याने थांबली असती तर पुल्या रेषेत नाहीत असं समजायचं. बाबा माझ्याकडे बघत होते. "मेमध्येच सांगितलं होतं," म्हणाले.

शनिवारी वागळे इस्टेट.